धाकट्याच्या पोटातला थोरला

बाप कोण, हा प्रश्न घराघरांत दबक्या आवाजात विचारतात. मत्स्यसंशोधन केंद्रात मात्र तो विचारायला एक पगारी बाई ठेवली होती. तिला सगळे मार्करबाई म्हणत. पगारी म्हणजे कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी तिला एका दिवसासाठी नोकरीवरून काढत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने घेत. त्या एका दिवसात ती घरी कपाटं आवरायची. हा प्रकार अकरा वर्षं चालला होता, त्यामुळे तिच्या घरची कपाटं फार नीटनेटकी होती.

केंद्रात दोन जातींचे मासे होते. त्यांची खरी नावं एवढी लांब आणि वाकडी की ती फक्त अहवालात लिहीत. तोंडी एकाला थोरला म्हणत आणि दुसऱ्याला धाकटा. थोरला नदीतला, माणसाएवढा वाढणारा, नऊ वर्षांनी वयात येणारा आणि नद्यांमधून जवळजवळ संपलेला. केंद्रात त्यांच्यातले तीनच उरले होते, दोन माद्या आणि एक नर. धाकटा बोटभर लांबीचा. आठ महिन्यांत वयात येई, मिळेल ते खाई आणि कुठल्याही टाकीत तक्रार न करता राही. सरकारी योजनेला असाच प्राणी लागतो.

योजना अशी, की थोरल्या नराच्या बीजपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे वीर्य तयार होतं त्या, बाहेर काढायच्या आणि नुकत्याच जन्मलेल्या धाकट्याच्या पोटात केसाएवढ्या काचेच्या सुईने सोडायच्या. पिल्लाच्या शरीराला त्या वयात आपलं-परकं कळत नाही, त्यामुळे ते आलेल्या पाहुण्यांना ठेवून घेतं. धाकटा आठ महिन्यांत मोठा झाला की वीर्य देतो, पण ते असतं थोरल्याचं. आयत्या बिळावर नागोबा, फक्त इथे बिळालाही पुरस्कार मिळतो. अडचण एकच होती. पेशी काढायला थोरला कापावा लागे, आणि कापलेला थोरला परत शिवता येत नसे. दोन वर्षांपूर्वी एक नर असाच कापला होता.

धाकट्याच्या स्वतःच्या बीजपेशी आधीच मारून टाकण्याची सोय होती, पण ती सोय कधी लागू पडे, कधी नाही. त्यामुळे धाकट्याने दिलेलं वीर्य त्याचं स्वतःचं की थोरल्याचं, हे बघून कळत नसे. तिथे मार्करबाई लागे. दोन्ही जातींच्या डीएनएमध्ये एक खुणेचा तुकडा, म्हणजे मार्कर, होता, जो धाकट्यात लांब होता आणि थोरल्यात आखूड. मार्करबाई मशीनमध्ये त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढायची आणि जेलच्या लिबलिबीत चकतीत वीज लावून त्यांची शर्यत लावायची. आखूड तुकडा पुढे पळे, लांब मागे रेंगाळे. निळ्या दिव्याखाली वर दिसला तो धाकट्याचा पट्टा, खाली दिसला तो थोरल्याचा. खालचा पट्टा आला की बाप थोरला. भांडण नाही, तंटा नाही, कोर्ट नाही.

तिच्या सासूबाईंना या पद्धतीचं फार हसू येई. त्या तीस वर्षं एका कचेरीत आस्थापना विभागात कारकुनी करून निवृत्त झालेल्या, आणि त्यांची स्वतःची पद्धत नाकाची होती. पाळण्यात डोकावून त्या निकाल देत, "नाक आपलं आहे." एवढं झालं की मूल त्या घराण्यात दाखल. वीज नाही, मशीन नाही, आणि अपील करायची कोणाची छाती नाही.

तर यंदा मार्करबाईने चाळीस धाकट्या नरांचं वीर्य तपासलं आणि सात जणांत वरच्या पट्ट्याबरोबर खालचा पट्टाही आला. तिने अहवालात आकडा लिहिला, खाली सही केली, आणि संचालकसाहेब खुर्चीवरून असे उठले की खुर्ची मागच्या मागे आडवी झाली.

"सात!" साहेब म्हणाले. "मॅडम, सात बाप! जगात कुठे आहेत?"

जगात कुठे आहेत हे साहेबांना ठाऊक नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी ते तीन वर्तमानपत्रांना कळवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण साहेबांनी ते दोन्ही गुडघ्यांना बांधलं. गुरुवारी सकाळी अकराला समारंभ ठरला. उरलेला एकुलता एक थोरला नर त्याच दिवशी नऊ वाजता कापायचा, त्याच्या पेशी गोठवून छोट्या कुप्यांत भरायच्या आणि त्या कुप्या व्यासपीठावर पाहुण्यांच्या हातात, तीन इतर केंद्रांना भेट म्हणून, द्यायच्या. धाकटेच आता बाप झालेत म्हटल्यावर थोरल्याला पोसायचा कशाला? त्याची मोठी टाकी रिकामी करून तिथे अभ्यागतांसाठी सभागृह करायचं होतं. पडद्यांचा रंगही ठरला होता.

दुर्मीळ जातीचा मासा कापायला परवानगी लागे आणि परवानगीला मार्करबाईचा अंतिम अहवाल जोडावा लागे. त्या छापील अर्जावर खाली दोन चौकटी होत्या, 'प्रयोग यशस्वी' आणि 'प्रयोग अयशस्वी'. एकीत खूण करायची, सही करायची, प्रकल्प संपला. आणि प्रकल्प संपला की साहेब मार्करबाईला कायम करणार होते. तिची फाइल त्यांच्या टेबलावर तयार होती. प्रकल्प पूर्ण झाल्याचा कागद जोडला की झालं. सासूबाईंनी ही बातमी आख्ख्या गल्लीत सांगून टाकली होती. खालच्या मजल्यावरच्या बाईला तर दोनदा, कारण पहिल्यांदा तिचा चेहरा पुरेसा पडला नव्हता.

सोमवारी मार्करबाई समारंभाच्या फलकासाठी सात बापांची यादी नीट टाइप करत बसली. माशाचा क्रमांक, टाकीचा क्रमांक, तारीख. टाकी तीन, टाकी तीन, टाकी तीन. चौथ्या ओळीला तिचा हात मंदावला. सातव्या ओळीला थांबला. चाळीस नर पाच टाक्यांत आठ-आठ वाटलेले होते आणि सातही बाप एकाच टाकीतले निघाले होते. टाकी तीनमधला आठवाही कदाचित बाप निघाला असता, पण तपासणीच्या दिवशी त्याने काही दिलंच नव्हतं.

ती उठून टाकीकाकांकडे गेली. टाकीकाका केंद्राइतकेच जुने होते आणि माशांशी माणसांपेक्षा बरं बोलत. ते टाकी तीनजवळ स्टुलावर बसून जाळी शिवत होते.

"काका, या टाकीत वेगळं काय आहे हो?"

"वेगळं?" काकांनी अभिमानाने जाळी बाजूला ठेवली. "बाई, ही आपली सगळ्यात सुखी टाकी. थंडीत हिचा हीटर जळला. दोन अर्ज केले मी. कोण देतंय हीटर? मग मी थोरल्याच्या टाकीतून जे ऊबदार पाणी बाहेर जातं ना, त्याला पाइप लावला आणि सरळ यांच्यात सोडला. एक मासा दगावला नाही. हिरवा पाइप. तो काय, तुमच्या पायाखाली."

मार्करबाईने पाय उचलला. खाली हिरवा पाइप होता. गेले तीन महिने ती रोज त्याच्यावरून येत-जात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

कुठलाही मासा पाण्यात राहतो म्हणजे पाण्यात थोडा थोडा सांडतही राहतो. त्वचेचा बुळबुळीतपणा, खवल्यांची धूळ, विष्ठा. थोरल्याचा सगळा सांडलेला थोरलेपणा त्या पाइपातून टाकी तीनमध्ये येत होता. वीर्य काढताना धाकट्याचं पोट दाबतात, तेव्हा वीर्याबरोबर ते पाणीही नळीत येई. आणि तिचं मशीन एवढं चोख की त्याला थेंबातला थोरलाही पुरे. प्रयोगशाळेचं स्वच्छ पाणी तिने दर वेळी तपासलं होतं, अगदी नियमाने. टाकीचं पाणी तपासायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. चूक काकांची नव्हती. त्यांनी मासे जगवले होते. चूक तिची होती आणि तिच्याखाली तिचीच सही होती.

मंगळवारी सकाळी तिने नवे नमुने गोळा केले. टाकी तीनचं पाणी. काकांचं हात पुसायचं फडकं. टाकी तीनमध्ये जागा होती म्हणून काकांनी ठेवलेल्या दोन धाकट्या माद्या, ज्यांना कधी सुई टोचलीच नव्हती. शेवटी साहेब. साहेब रोज दहा वाजता थोरल्याच्या टाकीत हात घालून त्याच्या पाठीवरून फिरवत आणि जो कोणी जवळ असेल त्याला सांगत, "हा मला ओळखतो." त्या दिवशीही ते हात झटकत बाहेर आले, तेव्हा मार्करबाई कापसाची काडी घेऊन उभी होती.

"साहेब, जरा बोट पुढे करता? तुलनेसाठी एक नमुना हवाय."

"माझा?" साहेब खुलले. "फलकावर लावणार का?"

"बघू या," ती म्हणाली.

दुपारी तिने जेलचा फोटो छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावला. आठ रांगा होत्या. शेवटच्या दोन रांगा तिने तुलनेला लावलेल्या खऱ्या थोरल्याच्या आणि स्वच्छ पाण्याच्या होत्या. स्वच्छ पाण्याची रांग कोरी होती. बाकी सगळ्यांत खालचा पट्टा लख्ख होता.

"वा! म्हणजे आणखी बाप सापडले!"

"हो. पहिली रांग टाकीचं पाणी. तेही बाप आहे. दुसरी रांग काकांचं फडकं. तेही बाप. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेत दोन माद्या आहेत साहेब, त्याही बाप निघाल्या."

साहेबांचा चष्मा हळूहळू नाकावरून खाली आला. "पाचवी रांग?"

"तुमची डावी तर्जनी."

"आणि सहावी?"

"उजवी. एकाच बोटावर विसंबू नये म्हणून दोन्ही घेतली होती."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब बराच वेळ आपल्या दोन्ही बोटांकडे बघत बसले. मार्करबाईने सगळं सांगितलं, पाइप, पाणी, आपली चूक, आपली सही. काकांना मध्ये ओढू नका, असंही सांगितलं. तिला वाटलं होतं साहेब ओरडतील. त्याची तिने घरून तयारी करून आणली होती. पण साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. ते बघून मात्र तिला भीती वाटली.

"म्हणजे प्रयोग अयशस्वी," साहेब म्हणाले. "ठीक आहे. मग तर थोरला कापायलाच हवा."

"का?"

"का म्हणजे? पेशी नकोत? पुन्हा टोचायला पेशी कुठून आणणार? समारंभ तोच, फक्त नाव बदलू. 'नव्या टप्प्याचा शुभारंभ'. तुम्ही 'अयशस्वी'वर खूण करा. प्रकल्प संपला की संपला, तुमची फाइल मी त्याच दिवशी पुढे पाठवतो. मी शब्दाचा पक्का आहे."

ती जेलचा फोटो घेऊन बाहेर आली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत मासा एकच. यशस्वी झालं तर थोरल्याची गरज संपली म्हणून तो कापायचा. अयशस्वी झालं तर त्याची गरज आहे म्हणून कापायचा. नर गेला आणि धाकट्यांच्या पोटी खरंच काही नसलं, तर त्या दोन माद्यांनी कितीही अंडी घातली तरी ती फलित करायला जगात कोणी उरलं नसतं. आणि हे करायला तिने फक्त पेनाची एक रेघ ओढायची होती. कुठल्याही चौकटीत ओढली तरी चाललं असतं. दोन्हींकडे नोकरी पक्की होती. एवढी सोपी परीक्षा तिने आयुष्यात दिली नव्हती.

बुधवारी तिने त्या सात नरांना टाकी तीनमधून काढून स्वच्छ पाण्यात ठेवलं, अंग कोरडं पुसलं आणि पुन्हा वीर्य घेतलं. ते तीनदा धुतलं. पेशींच्या बाहेर जो काही सुटा डीएनए चिकटलेला असेल तो खाऊन टाकणारं रसायन त्यात घातलं आणि मगच मशीन लावलं. दुपारी तीन वाजता जेल निळ्या दिव्याखाली गेलं. सहा जणांचा खालचा पट्टा साफ नाहीसा झाला होता. सहाही जण आपापल्या वीर्याचे धनी, बिचारे साधेसुधे धाकटे. सातव्या रांगेत मात्र वरच्या पट्ट्याखाली एक फिकट रेघ होती.

तिने डोळे चोळले, दिवा बंद करून पुन्हा लावला. रेघ होती. तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा होती, पुन्हा तेवढीच फिकट. सातवा नर म्हणजे एक कल्ला वाकडा असलेला, टाकीत सगळ्यांच्या मागे राहणारा रडतराऊ. कदाचित त्याच्या पोटात खरंच थोरल्याचं काही रुजलं होतं. कदाचित धुण्यातून काही सुटलं होतं. खरं कळायचं तर एकच मार्ग होता. थोरलीने अंडी घातली की त्यावर याचं वीर्य सोडायचं आणि जी पिल्लं होतील त्यांना तपासायचं. पिल्लात दोन्ही पट्टे आले तर बाप धाकटा, नुसता खालचा आला तर बाप थोरला. पिल्लाच्या अंगातलं पाण्याने येत-जात नाही. थोरली अंडी घालणार होती दहा महिन्यांनी.

चार वाजता ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब भाषण पाठ करत होते. तिने अर्ज पुढे ठेवला. दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या. त्यांच्या खाली तिने पट्टीने तिसरी चौकट आखली होती, तिच्यासमोर लिहिलं होतं 'निकाल बाकी', आणि त्या चौकटीत खूण होती.

"हे काय?"

"एक नर खरा असू शकेल. नसूही शकेल. दहा महिन्यांनी कळेल."

"एक आहे ना? मग यशस्वी!"

"कळलेलं नाही साहेब."

"मग अयशस्वी!"

"तेही कळलेलं नाही. तो एक खोटा निघाला तर अंड्यांसाठी थोरला लागेल. तोवर तो जिवंत हवा. खाली कारण लिहिलंय आणि सही केलीय. एक प्रत परवानगी देणाऱ्यांकडे गेली."

"मॅडम, या अर्जाला दोनच चौकटी आहेत!" साहेब आता मात्र ओरडले. "वीस वर्षांत कोणी तिसरी आखली नाही! निकाल बाकी म्हणजे प्रकल्प अपुरा. प्रकल्प अपुरा तर तुमची फाइल मी कशाच्या जोरावर पाठवू? अहो, सात म्हणून सही तुम्हीच केलीत ना? तेव्हा बरं कळलं होतं!"

ते मात्र खरं होतं आणि ते तिला लागलं. "तेव्हा चुकले," ती म्हणाली. "म्हणून आता घाई करत नाही."

साहेबांनी तिची फाइल उचलली, टेबलाच्या उजवीकडून डावीकडे ठेवली आणि तिच्यावर भाषणाचे कागद ठेवले. तिच्या अकरा वर्षांचा प्रवास एवढाच, दीड हात. तिला वाटलं होतं आपल्याला काहीतरी थोर वाटेल. तसं काही वाटलं नाही. फक्त पाय दुखत होते आणि घरी काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

गुरुवारी समारंभ झालाच. पाहुण्यांना बोलावलं होतं, खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या. साहेब विज्ञानातल्या संयमाचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलले आणि कुप्यांऐवजी थोरल्याचे फोटो वाटले. नऊ वाजता ज्याला कापायचं होतं, त्याला टाकीकाकांनी सव्वानऊला खायला घातलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना सांगितल्यावाचून सुटका नव्हती.

"झालीस का गं कायम?"

"नाही, आई."

"का?"

तिने चपला काढता काढता सगळं सांगितलं, पाइपापासून तिसऱ्या चौकटीपर्यंत. सासूबाईंनी मध्ये एकदाही नाकाचा विषय काढला नाही, ही वाईट खूण होती. त्या खुर्चीत बसल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईचा रेडिओ मजेत वाजत होता.

"एका माशासाठी?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"किती वर्षं आहे तो तिथे?"

"एकोणीस."

"आणि तू?"

"अकरा."

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. तीस वर्षं कचेरीतल्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या त्यांनीच केल्या होत्या आणि त्यांच्या यादीत कोणाचीही जागा वशिल्याने वर-खाली झालेली नव्हती.

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तो तुला सीनियर आहे. आधी त्याचंच व्हायला हवं."

मार्करबाईला आधी हसू फुटलं आणि मग, एक चप्पल हातात धरून, दारातच तिला रडू आलं.